धाकल्या मामांचा धावदोरा

आमचे धाकले मामा देवावर जेवढा विश्वास ठेवत, त्याहून चिमूटभर जास्तच धावदोऱ्यावर ठेवत. जगात जे काही बिघडतं ते कुठेतरी टाका सुटल्यामुळे, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि भावकीच्या भांडणापासून निजामाच्या राज्यापर्यंत ती ते कशालाही लावत. धाकले मामा म्हणजे माझे चुलतसासरे. आमच्याकडे भालकीत सासऱ्याला मामा म्हणायची रीत. थोरले मामा दिवसभर आडतीत असत आणि धाकले मामा दिवसभर ओसरीवर. त्यांची उभी नोकरी तहसीलच्या दफ्तरखान्यात गेली होती. जुने कागद लाल खारव्याच्या जाड फडक्यात, म्हणजे बस्त्यात, बांधायचे आणि बस्ता फाटला की दाभणानं शिवायचा, हे खरं तर शिपायाचं काम. पण शिपायाचे टाके यांना बघवत नसत, म्हणून ते स्वतःच शिवत. पुढे पोलीस ॲक्शन झाली, उर्दू दफ्तराची सद्दी संपली आणि मामा पेन्शनीत निघाले. शिवायची सवय मात्र हातात तशीच राहून गेली. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेलेली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. मग ही सवय घरातल्या वस्तूंवर उतरली.

मी सून म्हणून घरात आले तेव्हा त्या घरात उघडी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे चूल. बाकी सगळ्याला खोळ होती. कंदिलाला खोळ, छत्रीला खोळ, पंचांगाला खोळ, अडकित्त्याला खोळ. वरवंट्याला शिवलेली खोळ तर इतकी सुबक होती की पहिल्या दिवशी मी तो देव समजून त्याला हळदकुंकू वाहिलं. एकदा चिटगुप्प्याहून थोरल्या मामांचे एक व्यापारी स्नेही जेवायला आले. जेवण आटोपून निघाले तर दारात चपला नाहीत. अर्धा तास शोधाशोध झाली, कुत्र्यावर आळ आला, शेजारच्या घरावरही येऊ घातला. शेवटी धाकले मामा शांतपणे म्हणाले की खुंटीला जी निळी पिशवी अडकवली आहे तीत पाहा. पाहुणे जेवत होते तेवढ्या वेळात त्यांनी चपलांच्या मापाची पिशवी शिवून, नाडी ओवून, चपला आत घालून टांगून ठेवल्या होत्या. पाहुण्यांनी चपला काढून घेतल्या आणि पिशवी तिथेच ठेवली, याचं मामांना पुढे बरेच दिवस वाईट वाटत होतं.

टोपीच्या आतल्या पट्टीत त्यांच्या दोन सुया कायम खोचलेल्या असत, एक बारीक आणि एक जाड. त्यामुळे कुठेही, कधीही, कुणाचंही उसवलेलं दिसलं तर त्यांचा हात टोपीकडे जाई. श्रावणात मठात पुराण चाललं होतं. पुढे बसलेल्या एका इसमाच्या अंगरख्याची शिवण खाली उसवलेली होती. पुराण रंगात आलेलं, इसम तल्लीन झालेला. मामांनी मागून हलक्या हातानं शिवण घालायला सुरुवात केली. आरतीला सगळे उठले, तसा तो इसमही उठला आणि त्याच्या बरोबर जाजमाचं टोकही उठलं. लोक हसायला लागले. मामांनी दातानं दोरा तोडला आणि एवढंच सांगितलं की जाजम बी तिथं फाटलंच हुतं.

त्यांचं वैर जगात एकाच वस्तूशी होतं, शिंप्याच्या मशीनशी. पेठेत नव्यानं मशीन आलं होतं आणि ते बघायला लोक उभे राहत. मामाही गेले. शिंप्यानं वीतभर शिवण झरझर घालून दाखवली. मामांनी कापड उलटं करून पाहिलं, परत दिलं आणि घरी येऊन आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सांगितलं, "वैनी, त्ये शिवत न्हाई. नुसतं पळायलंय."

उलटी बाजू बघायची ही त्यांची खोड माझ्या मुळावर आली असती. त्याचं असं झालं, की माझं लग्न एका रुमालावर ठरलं होतं. उदगीरला, माझ्या माहेरी, आत्याबाई मला बघायला आल्या तेव्हा माझ्या आईनं पोपट भरलेला एक रुमाल त्यांच्यापुढे ठेवला आणि पोरीला शिवणभरणाची भारी आवड, असं सांगितलं. पोपट माझ्या थोरल्या बहिणीनं भरला होता. मला सुई हातात घेतली की घाम फुटायचा. आईला वाटलं, एकदा लग्न झालं की कोण पोपटाची चौकशी करतंय. पण आत्याबाईंना त्या पोपटाचा इतका अभिमान वाटला की तो त्यांनी सगळ्या गल्लीला दाखवला, आणि लग्नानंतर चौथ्या दिवशी ओसरीवर नेऊन आपल्या दिराला, धाकल्या मामांनाही दाखवला. मी माजघराच्या दाराआड उभी होते. मामांनी पोपटाकडे बघितलंसुद्धा नाही. रुमाल उलटा केला, गाठींवरून अंगठा फिरवला, छान आहे म्हणाले आणि परत दिला. दुपारी आत्याबाई शेजारी गेल्यावर उंबऱ्यापलीकडून मामांचा आवाज आला.

"तुझी भन डावरी हाय का गं?"

मी कसंबसं व्हय म्हणाले. मामा म्हणाले की गाठी सगळ्या उलट्या अंगाला पडल्या आहेत आणि तू तर काल उजव्या हातानं वाढत होतीस. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मी मात्र महिनाभर त्यांच्या खोकल्याच्या आवाजालाही दचकत होते.

पुढे नणंदेला पहिला मुलगा झाला आणि आत्याबाईंनी बारशासाठी कुंची शिवायचं काम मोठ्या कौतुकानं माझ्या अंगावर टाकलं. तलम छिटाचं कापड समोर ठेवून त्या निघून गेल्या. मी कापड मांडीवर घेऊन दाराआड रडत बसले. मामा ओसरीवर उर्दू वर्तमानपत्र वाचत होते. "कामून रडायलीस?" असं त्यांनी एकदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता आपल्या खोलीत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत येऊन त्यांनी उंबऱ्यावर एक कुंची ठेवली आणि बोटानं माझ्याकडे सरकवली. तांबड्या काठाची, दुहेरी झालरीची, गळ्याशी इवल्या गुंड्या. टाके शोधूनही सापडत नव्हते. त्या ट्रंकेत, मला मागाहून कळलं, झबली होती, टोपडी होती, दुपटी होती, घड्या घालून, मध्ये कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. खोळी ते चारचौघांत शिवत, कारण खोळ म्हणजे बस्त्याचीच बहीण. पण सरकारी दफ्तरातल्या माणसानं तान्ह्या पोराचं झबलं शिवताना कुणी बघितलं तर चावडीवर तोंड दाखवायला जागा उरणार नाही, अशी त्यांना भीती होती. म्हणून ते दाराला कडी घालून शिवत आणि ट्रंकेत ठेवत. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.

बारशाला कुंचीचं नाव झालं, आणि नाव माझं झालं. मग गल्लीतल्या बायका येऊ लागल्या. कुणाला टोपडं हवं, कुणाला बटवा, कुणाला सुनेच्या ओटीसाठी पिशवी. मी हो म्हणायची आणि कापड उंबऱ्यावरून पलीकडे सरकवायची. मला वाटत होतं, मामा माझ्यावर उपकार करताहेत. हळूहळू लक्षात आलं की माझ्यापेक्षा तेच जास्त खुशीत आहेत. बायका माजघरात बसून तयार वस्तूची तारीफ करत, तेव्हा ओसरीवर वर्तमानपत्राचं एकही पान उलटत नसे. त्या गेल्या की चौकशी सुरू व्हायची. झालरीबद्दल काय म्हणाल्या? नुसतं चांगलं म्हणाल्या की फार चांगलं म्हणाल्या? अस्तराकडे कुणाचं लक्ष गेलं का? एकदा एका बाईनं बटव्याची नाडी आखूड झाली म्हटलं, तर मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

असं वर्षभर चाललं. मग गावात मुलींची शाळा निघाली. तिच्या मोठ्या बाई लातूरकडच्या, पांढरं लुगडं नेसणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी कुठेतरी ती कुंची बघितली आणि त्या थेट आमच्या घरी आल्या. शिवणाच्या तासाला बाई हवी आहे, तुमच्या सूनबाईंना पाठवाल का, असं त्यांनी आत्याबाईंना विचारलं. सुनेनं घराबाहेर पडायला आत्याबाई एरवी कधी तयार झाल्या नसत्या. पण पोपट आणि कुंची यांनी त्यांचं डोकं इतकं फिरवलं होतं की त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. मोठ्या बाई म्हणाल्या, आठ दिवसांनी येते, माझ्यासमोर एक काज करून दाखवा, म्हणजे झालं.

त्या आठ दिवसांत मामांनी मला जे छळलं तसं माझ्या सासूनंही कधी छळलं नाही. दुपारच्या वेळी उंबऱ्याच्या अलीकडे मी, पलीकडे ते, दोघांची तोंडं दोन दिशांना आणि मध्ये मांजरपाटाचा तुकडा. पहिले तीन दिवस त्यांनी मला शिवूच दिलं नाही. स्वतः शिवायचे आणि मला उसवायला लावायचे, कापडाचा एक धागाही तुटता कामा नये. "शिवाय कुणालाबी येतंय," ते म्हणायचे, "उसवाय शीक." चौथ्या दिवशी धावदोरा आला, सहाव्या दिवशी काज. माझी बोटं चाळणीसारखी झाली होती. सातव्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझं काज उजेडात धरून बराच वेळ बघितलं आणि टोपीतली बारीक सुई काढून मला दिली.

मोठ्या बाई आल्या. माजघरात आत्याबाई, गल्लीतल्या चार बायका, मधे मी. ओसरीवर वर्तमानपत्र. मी काज केलं. सरळ होतं, पण जाड होतं, आणि एका कोपऱ्यात दोरा दुमडला होता. मोठ्या बाईंनी ते घेतलं आणि नणंदेकडून मागवलेल्या कुंचीच्या काजाशेजारी ठेवलं. ही दोन काजं एका हातची नव्हेत, हे आंधळ्यालाही कळलं असतं. मोठ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ही कुंची कुणी शिवली?"

आत्याबाई माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगितलं तर मामांची चावडीवर फटफजिती होणार, आणि बहिणीचं नाव घेतलं तर एका खोटेपणावर दुसरा. तेवढ्यात वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला आणि मामा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सुना-लेकी बसल्या असताना ते कधी माजघराच्या दारात येत नसत. बायकांनी पदर सावरले.

"कुंची म्या शिवली," ते म्हणाले. "झबली बी मीच शिवतो. पोरीचं काज बघा. आठ दिसांचं हाय."

आणि ते वळून परत ओसरीवर गेले.

मोठ्या बाईंनी दोन्ही काजं पुन्हा एकदा पाहिली. मग आत्याबाईंना म्हणाल्या की कुंची शिवणाऱ्याला मुलींच्या शाळेत घेता येत नाही, पण आठ दिवसांत जिला एवढं येतं ती मला चालेल. अट एकच, शिकवणाऱ्यानं शिकवणं थांबवू नये. त्याप्रमाणे मी शाळेत लागले. आज दुपारी मामांनी उंबऱ्यावर शिकवलेला टाका मी उद्या सकाळी पोरींना शिकवायची. सबंध पहिलं वर्ष मी माझ्या वर्गाच्या बरोबर एक दिवस पुढे होते. एका मुलीनं पुढचा टाका आजच दाखवा म्हणून हट्ट धरला, तेव्हा मला डोकं दुखल्याचं निमित्त करून घरी यावं लागलं.

आत्याबाई माझ्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत. खोटं बोलल्याचा त्यांना राग नव्हता, सगळ्या गल्लीला पोपट दाखवून बसल्याचा होता. चावडीवर व्हायचं तेही झालं. म्हाताऱ्या म्हाताऱ्या माणसांनी मामांकडे स्वतःसाठी टोपडी मागितली. मामांनी एकाला खरंच शिवून दिलं, कानाला बांधायच्या नाडीसकट, आणि त्या थंडीत तो ते घालून हिंडला. मग थट्टा ओसरली. मामा उघड उघड ओसरीवर बसून झबली शिवू लागले, ट्रंक रिकामी झाली, आणि भालकीत त्या दोन-तीन वर्षांत जी पोरं जन्मली त्यांतली निम्मी तरी, जातपात कुठलीही असो, धाकल्या मामांच्या धावदोऱ्यात गुंडाळलेली होती.

पुढे यजमानांची बदली लातूरला झाली. निघताना मामा स्टँडवर आले नाहीत, सामानाच्या एकूणएक गाठोड्याला खोळ मात्र त्यांनी घातली. लातुरात मला मुलगी झाली. मामांचं कळत होतं ते येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी बसतात, हातानं चाचपून शिवतात. मग एके दिवशी भालकीकडून आलेल्या एका माणसानं एक पुडकं दिलं. आत झबलं आणि उर्दूत लिहिलेली चिठ्ठी. मामांना लिहिता यायचं ते उर्दूतच. आमच्या शेजारी एक वयस्क मुन्शी राहत, त्यांच्याकडून मी ती वाचवून घेतली. पोरीला पाहिलेलं नाही, म्हणून अंदाजानं शिवलं आहे, असं लिहिलं होतं. मोठं झालं तर थांब. लहान झालं तर कळवू नको.

ते पुडकं लातूरला येणारं कुणी मिळेपर्यंत त्यांच्याकडे महिनोन् महिने पडून राहिलं असावं. लेक तोवर चालायला लागली होती. झबलं तिच्या खांद्यावरून खाली उतरेना. मी मुन्शींनाच एक पोस्टकार्ड लिहायला बसवलं. काय लिहू, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लिहा की अगदी बेतानं बसलं, आणि झालर सगळ्यांना फार आवडली. मुन्शींनी चिठ्ठीकडे बघितलं, अंगणात उघड्या अंगानं खेळणाऱ्या पोरीकडे बघितलं आणि लिहिलं.