मुंजाबानं दाखवलेलं खोरं

मुंजाबाची बायको दगडाबाई म्हणायची, देवानं ह्या माणसाला तोंड देताना हात आखडता घेतला आणि ती कसर डोळ्यांत भरून काढली. ते खरंच होतं. कन्नडच्या पुढं, घाटाच्या काठावरच्या माळेवाडीत मेंढरं राखणाऱ्या मुंजाबाचा दिवस पाच-सहा शब्दांत उरकायचा. पण कोणत्या बोरीखाली घोणस बसते, कोणत्या कड्यावर मधाचं मव्हळ लागलंय, हे सगळं त्याला ठावं.

टसर रेशमाच्या पाखराचं, म्हणजे पतंगाचं, तसंच. पानगळ झाली की ऐनाच्या उघड्या फांदीला त्याचा कोष लटकायचा. कोंबडीच्या लहान अंड्याएवढा, राखाडी, टणक. वरचा देठ काडीला अंगठीसारखा वेढा घालून बसलेला. वावटळीत काडी मोडेल, पण ती अंगठी सुटायची नाही. पाखरू उडून गेलेला रिकामा कोष मेंढके पाण्यात भिजवायचे आणि गोल गोल कापत त्याची हातभर वादी काढायचे. कुऱ्हाडीच्या चिरलेल्या दांड्याला ती ओली आवळली की वाळल्यावर लोखंडाच्या कड्यासारखी बसते.

कन्नडच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, मुंजाबाच्या कुऱ्हाडीला अशीच वादी कालिंदीबाईंच्या नजरेला पडली. बाई शहरात क्रांती चौकाजवळ राहायच्या, कॉलेजात शिकवायच्या, आणि दोन वर्षं हेच पाखरू हुडकत डोंगर पालथे घालत होत्या. तिकडं विदर्भात टसर ठाऊक. ह्या घाटात ते रानटी अजून किती उरलंय, कुठवर पसरलंय, ह्याचा त्यांना पत्ता लागत नव्हता. त्यांनी विचारलं, मामा, हे पाखरू तुम्ही पाहिलंय का?

त्या दिवशी मुंजाबा वर्षभराचं बोलला. नर विटकरी, मादी पिवळट. चारी पंखांवर एकेक गोल काच, तिच्यातून पलीकडचं पान दिसतं. कोषाच्या देठाकडं भोक असलं तर तो रिकामा. नसलं तर कानाशी धरून हलवायचा. आत टक्कन आपटलं की जिवंत. आणि हातात जड लागला तर मादी. बाई लिहायच्या थांबल्या आणि नुसत्या त्याच्याकडं बघत राहिल्या.

तीन दिवस तो त्यांना उघड्या डोंगरावरून फिरवत होता. मिळाले सगळे मिळून चार कोष, चारही भोकाचे. खरी जागा त्याला माहीत होती. टेंभीचं खोरं. उत्तरेला तोंड, ऐनाची दाट झाडं, आणि वैशाखातही न आटणारा झरा. पण ते खोरं माळेवाडीच्या मेंढक्यांची शेवटची शिदोरी होती. चैत्रात सगळीकडचा चारा संपला की कळप तिथं उतरायचे. परक्यानं विचारलं तर पुढं नुसता खडक हाय म्हणायचं, ही बिरोबासमोर घेतलेली आण. मुंजाबाच्या बापानं एका फौजदाराच्या काठ्या खाल्ल्या, पण खोरं सांगितलं नव्हतं.

चौथ्या दिवशी परतायची वेळ झाली. बाई एका वठलेल्या ऐनाखाली उभ्या राहून म्हणाल्या, इथलं पाखरू संपलं असंच लिहावं लागेल. मुंजाबाला ते सोसलं नाही. जिवंत जीव मेला म्हणून कागदावर चढणार, आणि आपल्याला ठावं असून. तो काठी खांद्यावर टाकून खोऱ्याकडं वळला.

एकाहत्तर कोष निघाले. बाई दगडावर बसून रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी सरळ विचारलं, "मामा, जागेचं नाव छापलं तर लोक इथं येतील. लिहू का?"

अठ्ठावन्न वर्षांत मुंजाबाला काय ठावं आहे हे कुणी विचारलं नव्हतं. आणि त्याची परवानगी तर कुणीच मागितली नव्हती.

"लिहा," तो म्हणाला.

नाव छापून आलं, आणि पुढल्या माघात खोऱ्याच्या तोंडावर वनखात्याचं तारेचं कुंपण आलं आणि पाटी लागली. दुर्मिळ पाखराची जागा, चराई बंद. बाईंनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. मेंढरं ऐनाच्या कोषाला तोंड लावत नाहीत, हे खोरं राखलंच मेंढक्यांनी, हे लिहून दिलं. उत्तर आलं नाही.

चैत्रात बिरोबाच्या देवळापुढं बैठक बसली. दगडाबाईनं आदल्या दिवशी नवऱ्याला परोपरीनं सांगितलं होतं: बाईनं खोरं तिचं तिनं हुडकलं म्हण, कुणाचं काय जातंय. बैठकीत सगळ्यांची तीच इच्छा होती. थोरला चुलतभाऊ धोंडिबा, कळपांचा म्होरक्या, त्यानंही प्रश्न तसाच सोपा करून टाकला.

"मुंजा, ती बाई फिरत फिरत आली आसंल तिथं. व्हय ना?"

"नाय. म्या नेली."

"आरं, इचार करून बोल."

"म्या नेली, दादा. आन् नाव लिहा म्हनून म्याच सांगितलं."

धोंडिबानं तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाला, "पाखराची कीव आली तुला. कोकरांची नाय आली?"

निकाल धोंडिबानंच दिला. औंदा कळप महिनाभर आधीच घाट उतरून खानदेशात जातील. मेंढरांचा गुन्हा नाय, दगडाबाईचा नाय. त्यांनी संगं यावं. मुंजाबानं येऊ नये. जो ठाव गुपित राखत नाय, त्याच्या भरवशावर परमुलखात तळ टाकता येत नाय.

निघायच्या सकाळी दगडाबाईनं घोड्यावर बिऱ्हाड बांधलं. खाणार काय, एवढंच तिनं विचारलं. करून खाईन, तो म्हणाला. ती म्हणाली, "येवढं खरं बोलायला तुला कुनी सांगितलं व्हतं?" आणि उत्तराची वाट न बघता लगाम धरून चालू लागली.

पण मेंढरं हलेनात. साठ डोकी मुंजाबाभोवती घोळका करून उभी. धोंडिबानं हाकारलं, दगडाबाईनं हाकारलं. ती त्याच्याच पायाशी घुटमळत राहिली. खाली घाटात इतर कळपांची धूळ लांब चालली होती. धोंडिबानं मुंजाबाकडं बघितलं, आणि नजर खाली घेतली.

मुंजाबा कड्याच्या टोकावर गेला. छाती भरून त्यानं उतरणीची साद घातली. साठही डोकी वळली आणि घाटाला लागली. मधेच एखादं थबकून मान वर करायचं, तेव्हा तो पुन्हा साद घालायचा. शेवटचं मेंढरू वळणाआड जाईपर्यंत तो हाकारत राहिला, आवाज बसला तरी.