रानात वाकायचं नाही

भंडारदऱ्याहून डोंगरातली लांबची वाट धरायची असली, की मी मामांना फोन करतो. मामा म्हणजे माझे नेहमीचे वाटाडे; त्यांचं खरं नाव विचारायचं राहून गेलं, आता लाज वाटते. प्रत्येक वळणाआधी मामा खाकरतात आणि झुडपांना ऐकू जाईल असं सांगतात, "आमी दोघं हाय, चाललोय आमच्या वाटंनं." जनावराला दचकवायचं नाही, हा त्यांचा नियम. रानात वाकायचं नाही, हा दुसरा. पोटरीला खाज सुटली तरी ते उभ्यानंच काठीनं खाजवतात.

हे सगळं पाठ असूनही गेल्या हिवाळ्यात ओल्या मातीत बिबट्याचा ठसा दिसला आणि मी फोटोसाठी उकिडवा बसलो. बसलेला माणूस बिबट्याला शेळीएवढाच वाटतो. मान वर केली, तर वीस पावलांवर तो स्वतः, माझ्याकडेच बघत. मी पळणार, तोच मामांनी कॉलर धरून मला उभं केलं, पुढे झाले आणि खांद्यावरची घोंगडी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच पसरली.

"पळू नका सायेब. त्याच्याकडं बघत मागं सरा."

मग बिबट्याला समजुतीच्या सुरात म्हणाले, "जा बाबा तू. ह्यो नवीन हाय."

मामांबरोबरचा तो माझा सातवा डोंगर होता.

बिबट्या करवंदीच्या जाळीत शिरला.

"मामा, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली की. त्यालाबी वाटली हुती. म्हनून तर मागं सरायचं, त्याला जायला जागा पायजे."

एवढं बोलून त्यांनी माझी मूठ आपल्या सदऱ्यातून हलकेच सोडवली.