गव्हाणे मास्तरांची सात नाटकं

शाळेच्या स्नेहसंमेलनात बसवायच्या नाटकासाठी लेखकाला पत्र लिहून परवानगी मागणारा शिक्षक मी आयुष्यात एकच पाहिला. सत्तर साली मी काष्टीच्या हायस्कुलात रुजू झालो, त्या दिवाळीनंतरची गोष्ट. शिक्षकांच्या खोलीत धोतर-सदऱ्यातले एक गृहस्थ जोडकार्ड लिहीत बसले होते. एका कार्डावर विनंती, आणि जोडलेलं दुसरं लेखकानं उत्तर धाडावं म्हणून कोरं. मी हसून म्हटलं, "मास्तर, खेड्यातली पोरं नाटक करणार, त्यांना अडवायला इथवर कोण येतंय?"

"कुनी येनार न्हाई," ते मान वर न करता म्हणाले. "म्हनूनच पुसायचं. रानात राखन न्हाई म्हंजी कनसं आपली झाली व्हय?"

हे गव्हाणे मास्तर. इतिहास-भूगोल शिकवायचे. वर्गात छापील पुस्तकासारखं बोलत, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की घरची बोली परत यायची. नगरच्या कुणा वकिलाकडून त्यांनी कॉपीराइटच्या कायद्याची प्रत मिळवली होती आणि शब्दकोश शेजारी ठेवून ती ओळीओळीनं लावली होती. आम्ही थट्टा करायचो, पण अडलं की त्यांनाच विचारायचो. शिकवताना पुस्तकातला उतारा फळ्यावर उतरवला किंवा प्रश्नपत्रिकेत घातला, तर कायदा आडवा येत नाही, असं ते सांगत. शाळेच्याच मुलांनी नाटक केलं आणि बघायला शाळेची माणसं न् मुलांचे आईबाप एवढेच असले, तरी विचारायची गरज नाही. "पर आपल्या गॅदरिंगला बाजाराला आल्याली मानसंबी येऊन बसत्यात. मग त्यो जाहीर खेळ झाला का न्हाई?"

एकदा मी वाद घातला, की ज्यानं सरकारात नोंदच केली नाही, त्याचा हक्क कसला? तेव्हा ते म्हणाले, "सर, पोरगं जल्माला आलं की बापाचं व्हतं, का दाखला काढल्यावर? कागदावर उतरलं त्याच घडीला ते लिवनाऱ्याचं झालं. ईशय समद्यांचा, मांडनी ज्याची त्याची."

त्या वर्षी कार्डाचं उत्तर आलंच नाही. मास्तर कुरकुरले नाहीत. मळ्यातल्या घरी बसून चार दिवसांत त्यांनी स्वतःच नाटक लिहिलं. एक म्हातारी काष्टीच्या बाजारात आपला बैल विकायला आणते आणि येईल त्या गिऱ्हाइकाला काहीतरी खोट काढून परत लावते. ह्याच्या हातात चाबूक आहे, त्याचा आवाजच मोठा आहे, तिसऱ्याचं गाव लांब आहे. दर वेळी म्हणते, "न्हाई जमायचं, बाबा." मंगल नावाची सातवीतली मुलगी म्हातारी झाली होती. पहिल्या "न्हाई जमायचं"ला मंडप हसला, चौथ्याला लोक पोट धरून हसले आणि शेवटी ती बैलाचा कासरा धरून घराकडे वळली तेव्हा पुढे बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून, ज्या ज्या वर्षी उत्तर आलं नाही, त्या त्या वर्षी मास्तर असंच करीत. एका लांब वहीत अशी सात नाटकं जमली होती. वहीवर नाव नव्हतं. स्वतःच्या वहीवर नाव कशाला, असं त्यांना वाटत असावं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आमचं घराणं भिक्षुकी आणि मास्तरकीचं, भाषेचा तोरा जन्मापासून. मासिकांकडे नेमानं पाठवलेल्या माझ्या कविता तेवढ्याच नेमानं परत येत होत्या. मी मास्तरांकडे ती वही मागितली. म्हटलं, "शुद्धलेखन बघून देतो. जमलं तर छापून आणू."

"बघा की," ते म्हणाले. "तुमच्या हातून सुद व्हईल."

दोन महिने बसून मी सातही नाटकं स्वच्छ पुस्तकी मराठीत उतरवली. 'न्हाई'चं 'नाही' केलं, 'लई'चं 'फार'. नगरच्या एका छापखानेवाल्या प्रकाशकानं ती चाळली, मान हलवली आणि विचारलं, "लेखक कोण?" टेबलावर माझ्या अक्षरातली प्रत होती. मी म्हणालो, "मी."

एकच अक्षर. त्यानं पुढे केलेल्या कागदावर सहीही केली. परत येताना एसटीत मी स्वतःला समजावत होतो, की भाषा तर माझीच आहे. पण 'मांडनी ज्याची त्याची' हे मला कुणाकडून कळलं होतं, ते मी विसरलो नव्हतो.

बहात्तर साली पुस्तक निघालं. प्रस्तावनेत एक ओळ होती, 'सहकारी श्री. गव्हाणे यांचे आभार.' माझ्या प्रती मी ट्रंकेच्या तळाशी ठेवल्या. मास्तरांनी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा मी सांगितलं, प्रकाशक अजून काही कळवत नाही.

दुष्काळाचं वर्ष होतं. आमची निम्मी मुलं आईबापांबरोबर खडी फोडायला जात होती, त्यामुळे श्रीगोंद्याच्या नाट्यस्पर्धेला आमच्या शाळेचं नाटक गेलं नाही. मास्तर आणि मी पाच-सहा मुलांना घेऊन नुसते बघायला गेलो. दुसऱ्या एका शाळेचं नाटक सुरू झालं. रंगमंचावर म्हातारी आली, मागून बैल. मंगल मास्तरांच्या पलीकडे बसली होती. ती मोठ्यानं म्हणाली, "मास्तर, ह्ये तर आपलं हाय!"

"गप बस. बघ," मास्तर म्हणाले.

"ते काही जमायचे नाही, बाबा," रंगमंचावरची म्हातारी म्हणाली. कुणी हसलं नाही. शेवटी निवेदकानं माझं नाव घेतलं, लेखक सभागृहात हजर आहेत असं सांगितलं, आणि टाळ्या पडल्या. मी उभा राहिलो. का उभा राहिलो, हे आजही मला सांगता येत नाही. तिथल्या तिथे खरं बोलता आलं असतं. खाली पाहिलं तर मास्तरही टाळ्या वाजवत होते.

परतीच्या एसटीत त्यांनी आधी मुलांना जागा धरून दिल्या. मग म्हणाले, "सर, सुद केलंत ते ठीक. पर म्हातारी 'नाही' म्हनली न् लोकं हासली न्हाईत. माझ्या आज्जीचं बोलनं हुतं त्ये." एवढंच. मी "मास्तर, मी..." असं सुरू केलं, तेवढ्यात गाडी काष्टीत थांबली आणि मुलांना मोजायला ते पुढे गेले.

पुढे त्यांनी तो विषय कधीच काढला नाही. मधल्या सुट्टीत डब्यातली अर्धी भाकरी पूर्वीसारखीच माझ्यापुढे सरकवत. पण त्यांनी पुन्हा नाटक लिहिलं नाही. पुढच्या संमेलनात आमच्या मुलांनी लेझीम केलं. लोक मास्तरांना विचारत, "औंदा नाटक न्हाई?" ते म्हणत, "सुचंना." त्यांची ही एक गोष्ट मी कधी खरी मानली नाही. मला ते रोज बघवेना. जूनमध्ये मी संस्थेकडे बदली मागून घेतली आणि देवळाली प्रवऱ्याला गेलो.

तिथे दीड वर्ष काढल्यावर मला धीर झाला. सातही नाटकं गव्हाणे मास्तरांची आहेत, माझा त्यांच्यावर काडीचा हक्क नाही, असं मी स्टॅम्पपेपरवर लिहिलं. प्रकाशकालाही कळवलं. पुन्हा छापलं तर नाव बदलू, असं त्याचं उत्तर आलं. त्यानं ते पुन्हा कधी छापलं नाही. चौऱ्याहत्तरच्या दिवाळीच्या सुट्टीत तो कागद आणि लांब वही घेऊन मी काष्टीला गेलो.

मळ्यात पोचलो तर ओसरीवर त्यांच्या पत्नी एकट्याच शेंगा फोडत बसल्या होत्या. कपाळ मोकळं होतं. पोटाच्या दुखण्यानं मास्तर महिन्यापूर्वीच गेले होते. मला कुणी कळवलं नव्हतं, आणि कळवावं असं मी काही ठेवलंही नव्हतं.

मी वही आणि तिच्यावर तो कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"मला वाचता येत न्हाई," त्या म्हणाल्या. "काय हाय ते वाचून दावा."

मी वाचलं. मला मास्तरांना सांगायचं होतं ते सगळं त्यांच्या बायकोला वाचून दाखवलं. त्या हातातली शेंग तशीच धरून ऐकत होत्या.

"आमाला ठावंच हुतं की," त्या शेवटी म्हणाल्या. "मानूस काय चोर न्हाई, येईल एक दिस, असं म्हनायचे. ऐतवारी एसटीचा आवाज आला की रस्त्याकडं बघायचे." मग शेंगांचं सूप बाजूला सारून त्या उठल्या. "बसा. सर आलं की च्या केल्याबिगर सोडू नगंस, असं सांगून ठिवलंय त्यांनी."

त्या चुलीकडे गेल्या. कागद हातात धरून मी ओसरीवर बसून राहिलो.