आतोबांचा कॉफीचा ठराव

उष्णतेवर आमच्या आतोबांइतकी माया अख्ख्या भूम तालुक्यात कुणी केली नसेल. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, गावच्या सहकारी दूध संस्थेचे चिटणीस. दुष्काळी मुलखात राहून ते पाण्याइतकीच आचही जपत. चुलीवरचं भांडं झाकणाशिवाय दिसलं की बोलता बोलता उठून झाकण ठेवून येत, मग ते घर स्वतःचं असो वा व्याह्याचं. भात उतरला की त्याच निखाऱ्यांवर आंघोळीचं पाणी, पाणी निघालं की शेंगदाणे, आणि शेवटी राखेत एखादं वांगं. एकदा त्यांची मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसाठी त्यांनी स्टोव्ह इतका बारीक केला की चहा होईपर्यंत पाहुण्यांची एसटी निघून गेली. मंडळी मुक्कामाला राहिली आणि लग्न जमलं. ते श्रेय आतोबा जन्मभर त्या बारीक स्टोव्हलाच देत.

हाच जावई पुढं आखातात नोकरीला गेला आणि सासूसाठी विजेवरचं कॉफीचं यंत्र घेऊन आला. आत्या खूश झाली. आतोबा कॉफीच्या वाटेला गेले नाहीत. ते घड्याळ घेऊन मीटरसमोर स्टुलावर बसले. कॉफी तयार झाली तरी भांड्याखालची तबकडी तापतच होती, मीटरची चकती फिरतच होती. त्यांनी यंत्र बंद केलं, भांडं गोधडीत गुंडाळलं आणि दोन तासांनी आत्याच्या हातात कप दिला. कॉफी अजून गरम होती. म्हणजे मधली सगळी वीज फुकट जात होती.

याचा त्यांना एवढा घोर लागायला कारण होतं. त्या उन्हाळ्यात गावात पाणी असलेली एकच विहीर उरली होती. तिच्यावरची मोटार आणि आतोबांची आळी विजेच्या एकाच डीपीवर. व्होल्टेज पडलं की मोटार नुसती गुरगुरायची आणि बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात ताटकळायच्या.

संस्थेच्या वार्षिक सभेत आतोबांनी ठराव मांडला, की कॉफी झाल्यावर आपोआप बंद न होणारं घरगुती यंत्र विकायला सरकारनं परवानगी देऊ नये. दुधाच्या फॅटवरून भांडायला आलेली मंडळी पोट धरून हसली. एका सभासदानं विचारलं, "चिटणीस, गावात यंत्र एकच, तेबी तुमच्याच घरी. कायदा कुणासाठी?"

आतोबांनी सावकाश चष्मा पुसला. "आज एक हाय. उद्या घरोघर होतील, आन् मोटार तवाबी ह्याच तारंवर ऱ्हाईल. समदीकडं झाल्यावर कायदा करून काय उपेग? आधीच सांगून ठिवावं."

हसणं थांबलं. मागून शाळेचे गुरुजी उठले. त्यांच्या बौद्ध वस्तीचा पाण्याचा नंबर नेहमी शेवटी लागे, आणि तोवर मोटारीतला जीव गेलेला असे. "माझं अनुमोदन," एवढंच म्हणून ते बसले. ठराव मंजूर झाला.

ठराव मुंबईला गेला. उत्तर आलं नाही. आतोबा जुनी पाकिटं उलटी चिकटवून दर महिन्याला स्मरणपत्र धाडत राहिले. मी तेव्हा मुंबईत एका सरकारी कचेरीत नुकताच कारकून झालो होतो. एकदा सुट्टी संपवून निघालो, तर ते मला एसटीपर्यंत सोडायला आले. गाडी हलायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाले, "साहेबाला गाठून इचार. रागानं न्हाय, सहज."

मी हो म्हणालो. पण कॉफीच्या यंत्राबद्दल साहेबांना विचारायची मला लाज वाटली. शेवटी मीच आतोबांना पत्र लिहिलं, की ठराव पोहोचला आहे, साहेबांनी स्वतः वाचला, विचार चालू आहे. आत्यानं नंतर सांगितलं, गुरुजींना शेजारी बसवून आतोबांनी ते पत्र पुढच्या सभेत वाचलं. दोनदा.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. पत्र खोटं होतं हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी ते रागावले नसते. त्यांनी नव्या मसुद्यासाठी माझ्याकडं कागद मागितला असता. तो कागद मी त्यांना द्यायला हवा होता.