सत्काराच्या दुसऱ्या दिवशी

कारगिलची लढाई संपली तेव्हा मी लष्कराच्या दवाखान्यात होतो. गोळी लागली नव्हती. बर्फानं डाव्या पायाची तीन बोटं निकामी केली, ती कापावी लागली. गावातल्या एका मुलीशी लग्न करायचं माझ्या मनात होतं; लढाई चालू होती तोवर मी तिला 'मजेत आहे' एवढंच लिहायचो. आमचं गाव एकच, नामपूरजवळचं. ती नाशिकला डी.एड. करत होती, होस्टेलवर राहायची.

लढाई थांबल्यावर मात्र सगळं लिहिलं. बोटांचं लिहिलं. माझ्या शेजारी झोपणारा सोबती गेला, ते लिहिलं. सुट्टीवर आलो की तुझ्या वडिलांना सरळ विचारणार, हेही लिहिलं. उत्तर आलं नाही. परीक्षा असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सुट्टीवर गावात उतरलो तर एसटीच्या थांब्यावर बँड. उघड्या जीपमधून मिरवणूक, शाळेच्या मैदानात स्टेज. तिचे वडील कांद्याचे व्यापारी, गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनीच मला फेटा बांधला आणि माइकवर म्हणाले, "हा मला पोटच्या पोरासारखा आहे." टाळ्या वाजल्या. मला धीर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी गेलो. चहा आला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "पोरीनं तुझं पत्र दाखवलं मला. तिला वाटलं असेल, बाप विरघळेल."

मी कप खाली ठेवला.

"सत्कार गावाचा होता, भाऊ. सोयरीक माझ्या घरची आहे. उद्या फौजेनं घरी पाठवलं तर एका पायावर काय करशील?"

"पाय आहे, काका. बोटं गेलीत."

"तेच ते. चहा घे, गार होतोय."

मी तसाच उठलो आणि नाशिकची एसटी धरली. होस्टेलच्या फाटकाशी ती आली, रडायला लागली. "तू एवढं सोसलंस हे वाचून ते हो म्हणतील असं वाटलं रे मला."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी काय म्हणणार? माझ्यामागं धाकटी बहीण आहे."

बोलताना ती सारखी माझ्या डाव्या बुटाकडे बघत होती. बर्फात कधी लाज वाटली नव्हती, तिथं वाटली. मी पाय मागं घेतला.

पुढं तिचं लग्न नाशिकजवळच्या अंबडमधल्या कारखान्यातल्या एका सुपरवायझरशी झालं. गावातच, थाटात. मी तेव्हा युनिटमध्ये होतो, मला स्टोअरच्या कामावर बसवलं होतं. शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं, तर ती नुकतीच लग्नाहून आलेली.

"तू गेलीसच कशाला?" मी ओरडलो.

"आपले आठेच ऱ्हावनं शे," आई म्हणाली. आपल्याला इथंच राहायचंय, म्हणून गेली होती. मग हळूच म्हणाली, "जेवण चांगलं व्हतं."

मी रिसीव्हर ठेवून दिला.