मायच्या रगतातला निअँडरथल

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरात वडील आणि माय एकाच आठवड्यात आजारी पडले. वडिलांना तीन दिवस कणकण होती, चौथ्या दिवशी ते म्हशीची धार काढायला बसले. मायला मात्र परभणीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. एकोणीस दिवस ती ऑक्सिजनवर होती. तिच्यासाठी खाट मिळवली माझ्या चुलत्यांनी. ते शहरातल्या एका डॉक्टरकडं आयुष्यभर कंपाउंडर होते. त्यांनी आठवेल त्याला फोन केले, हातापाया पडले आणि खाट मिळवली. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं.

माय बरी होऊन घरी आली. पण त्याच लाटेत पूर्णा गावी माझा मामा वारला. मायचा पाठचा भाऊ. तिला शेवटचं बघताही आलं नाही.

दिवाळीत सगळे गावी जमलो होतो. पंगतीत चुलत्यांनी मोबाइलवर वाचलेली एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. हजारो वर्षांपूर्वी निअँडरथल नावाची वेगळीच माणसं होती, त्यांच्याशी आपल्या पूर्वजांचा संबंध आला, त्यांचा एक तुकडा काही लोकांच्या रक्तात राहिला, आणि त्या लोकांना कोरोना जोरात झाला. मग ते सहज बोलून गेले, "वहिनीच्या माहेरी तसलं रगत असणार. बघा ना, भाऊ गेला, बहीण मरता मरता वाचली. आपल्या खानदानात कुणाला काय झालं?"

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिनं पुढची भाकरी तव्यावर टाकली. मी गंगाखेडच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, पण यातलं मी काहीच वाचलेलं नव्हतं.

त्यानंतर माय बदलली. माझ्या भावाची चार वर्षांची मुलगी हुबेहूब तिच्यासारखी दिसते. "आजीवर गेली" असं कुणी म्हटलं की माय पूर्वी हरखून जायची. आता ती घाईघाईनं म्हणायची, "न्हाई, ती तिच्या आईवर गेली." एकदा त्या पोरीला साधा ताप आला. माय उंबऱ्यावर बसून राहिली. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "माझंच गेलं असंल तिच्यात. तुझ्यातबी."

मग मी वाचायला घेतलं. इंग्रजी लेख, बाजूला शब्दकोश, अडलं की विद्यापीठातल्या एका जुन्या मैत्रिणीला फोन. दोन महिने गेले. कळलं ते असं: चुलत्यांनी वाचलेली गोष्ट खोटी नव्हती, पण अर्धीच होती. आफ्रिकेबाहेरच्या जवळजवळ सगळ्याच माणसांत निअँडरथलचे शंभरातले एक-दोन भाग आहेत. आफ्रिकेतल्या लोकांतही थोडे सापडतात. तिसऱ्या गुणसूत्रावरच्या त्यांच्या एका तुकड्यानं कोरोनाचा धोका वाढतो असं दिसलं, आणि तो तुकडा आपल्या भागात इतका पसरलेला आहे की एका माहेराचं नाव घेण्यात अर्थच नाही. दुसरा एक तुकडा त्यांच्याकडूनच आलेला, आणि तो उलट कोरोनापासून थोडं राखतो. पहिल्याचा परिणाम भारतातल्या माणसांवर तेवढाच होतो का, यावर संशोधकांचं एकमत नाही. तो इतका टिकला कसा, एखाद्या जुन्या रोगात तो कामाला आला होता का, यावरही वाद चालू आहे. शिवाय वय, साखर, दवाखान्यात पोचायला झालेला उशीर, हे सगळं वेगळंच. मायला साखर होती. आणि तिची तसली तपासणी तर कुणी केलेलीच नव्हती.

जानेवारीत एका रविवारी मी गावी गेले. माय अंगणात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. मी तिच्याजवळ बसले आणि समजावू लागले. गुणसूत्र म्हणजे काय इथपासून सुरुवात केली. खडूनं फरशीवर आकृती काढली. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. वर्गात मुलं असं बघायला लागली की मी ओळखते, आपलं चुकायलंय.

शेवटी वैतागून मी आकृती पुसली आणि म्हणाले, "दोन वेगळ्या जातीची माणसं होती. त्यांचं मिश्रण झालं. बास."

तिनं मान वर केली. "म्हंजी क्रॉसिंग झालं म्हण की."

मी खडू खाली ठेवला. आमचं गाव परभणीला लागून आहे, आणि माझ्या लहानपणी माय बारा हंगाम कृषी विद्यापीठाच्या रानात कापसाच्या क्रॉसिंगला जात होती. उद्या उमलणारी कळी आज दुपारी नखानं सोलायची, मधली नाजूक काडी न दुखवता भोवतीचा नर भाग काढून टाकायचा, वर कागदाची टोपी घालायची. सकाळी नराच्या ओळीतलं फूल आणून त्या काडीवर घासायचं. हे मला माहीत होतं. वर्गात परागण शिकवताना मी पुस्तकातली आकृती काढत होते, आणि ते हजारो वेळा हातानं केलेली बाई माझ्या घरात बसली होती.

ती सांगायला लागली. "एका साली सायबांनी रानटी कापूस आणला. बोंड एवढुसं, रुई आखूड. पण पानांचा रस पिणारे तुडतुडे त्याला शिवत नव्हते. त्याचं फूल आमी आपल्या कापसावर घासलं. पुढल्या साली जे उगवलं ते ना धड हे ना धड ते. सायब म्हणायचे, उपटा. लय झाडं उपटली. चांगलं ते ठेवलं, पुन्हा आपल्याच कापसासंगं क्रॉस केलं, पुन्हा उपटलं. सात-आठ सालांनी कापूस आपल्यावानी झाला, पण तुडतुडे लागंनात."

मी विचारलं, रानटी कापसाची एखादी खोट आत राहिली तर?

"राहती की. सगळी कुठं निघती? पाऊस वेळेवर आला तर ती दिसत बी न्हाई. पाणी तुटलं की दिसती."

माणसांचंही तसंच झालं असं मी म्हणाले. मिश्रणानंतरच्या पिढ्यांत बरंचसं गळून गेलं, उपयोगाचं टिकलं, आणि काही असंच राहून गेलं. नवा रोग आला तेव्हा ते दिसलं.

मायनं मांडीवरची टरफलं झाडली. मग म्हणाली, "मग ही खोट माझ्या माहेरची न्हाई. सगळ्या रानाची हाय. माझ्या भावाचा काय कसूर?" आणि ती रडली. मामा गेल्यानंतर तिला असं मोकळं रडताना मी पहिल्यांदाच बघितलं.

फेब्रुवारीत विज्ञान दिनाला गावातल्या शाळेच्या हेडमास्तरांनी मला बोलायला बोलावलं. विषय मीच निवडला. पटांगणात मुलं सतरंजीवर होती, मागं खुर्च्यांवर गावातली माणसं, त्यांत चुलते. बायकांत माय. मी अर्धा तास बोलले, बरं बोलले असं मला वाटलं. प्रश्न विचारा म्हटल्यावर चुलते उठले. आवाज नेहमीसारखा मोकळा. ते म्हणाले की हे सगळं ठीक, पण काही घराण्यांत हे रगत जास्त असणार आणि काहींत कमी, मग सोयरीक करताना ते बघायला नको का?

मी तोंड उघडायच्या आत माय उभी राहिली. गावाच्या बैठकीत ती कधी बोललेली नव्हती. डोक्यावरचा पदर तिनं सारखा केला आणि सरळ दिराकडं बघून बोलली.

"भाऊजी, तुमी मला खाट मिळवून दिली म्हणून मी आज हितं हाय. ते मी जन्मात विसरणार न्हाई. पण एक ऐका. बारा हंगाम मी हातानं क्रॉसिंग केलंय. निव्वळ एका जातीचं रान मी बघितलं न्हाई. ज्याला तुमी खोट म्हणायलाव, ती ज्या वाणातून आली त्यातूनच रोग झेलायची ताकद बी आली. तुमी धडधाकट राहिलाव ते बी कदाचित त्याच्यामुळंच."

चुलत्यांनी माझ्याकडं बघितलं. हे खरं असू शकतं, पण तपासल्याशिवाय कुणाबद्दलच सांगता येणार नाही, असं मी म्हणाले. ते थोडे हसले, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "म्हंजी आमच्यात बी हाय."

"सगळ्यांत हाय," माय म्हणाली.

"चुकलं माझं, वहिनी," ते म्हणाले. एवढ्या माणसांसमोर म्हणाले. मग हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या, आणि पोरांनी त्या इतक्या लांबवल्या की माय लाजून खाली बसली.

त्या दिवसापासून ती स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून विचारू लागली, नात कुणावर गेली?

पुढच्या सप्टेंबरात कापूस फुलावर आला, तेव्हा मी प्राचार्यांची परवानगी काढली आणि मायला गंगाखेडला माझ्या अकरावीच्या वर्गावर नेलं. एसटीत तिच्या मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या कळ्या आणि नराच्या ओळीतलं एक उमललेलं फूल होतं. वर्गात तिनं फळ्याकडं पाठ करून टेबलावर कळी सोलली. मागच्या बाकावरची मुलं बाक सोडून पुढं आली. नराचा भाग काढला आणि मधली काडी जशीच्या तशी उभी राहिली, तेव्हा एका मुलीच्या तोंडून "बापरे" निघालं.

तिचे आईवडील दर हिवाळ्यात ऊस तोडायला जातात. तिनंच विचारलं, की ती निअँडरथल माणसं अडाणी होती का? मी हत्यारं, विस्तव, आजाऱ्याची काळजी असं सांगायला लागले, पण मायनं मला हातानं थांबवलं.

"ती पोरं कुणीतरी वाढवली ना?" ती म्हणाली. "दोन्हीकडचं तोंड घेऊन आलेली पोरं. कुणीतरी त्यांना पाजलं, थंडीत पांघरलं, म्हणून तर तू आणि मी हाय. अडाणी माणसाला हे जमत न्हाई."

मुलगी तिच्या वहीत काहीतरी लिहीत राहिली. घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. दारात गणिताचे सर येऊन उभे राहिले, घड्याळ बघत. मायनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. हातात फूल तसंच होतं.

"बसा जरा सर," ती म्हणाली. "अजून नराचं फूल घासायचं राहिलंय."

सर पहिल्या बाकावर मुलांच्या शेजारी बसले.