पडद्यावरचे हात आमच्या मामांचे

मोठ्या सिनेमातला मोठा नट उघड्या डोळ्यांनी झोपलेला असेल, तर ते नुसत्या पडद्यावरून ओळखणारा माणूस अख्ख्या भारतात एकच होऊन गेला आणि तो माझ्या आईचा थोरला भाऊ होता, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. म्हैसूरच्या थिएटरांत तेव्हा कन्नड, हिंदी, तमिळ असे सगळे सिनेमे लागत आणि मामा सगळे बघत. भाषा, गाणी, कथा यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. नट मनापासून काम करतोय की वेळ मारून नेतोय, एवढंच ते बघायला जात. नायक पेटी उचलून घर सोडून निघालाय, म्हातारी आई दाराशी कोसळलीय, थिएटरातल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावलेत, आणि त्या शांततेत पुढच्या रांगेतून आमच्या मामांचा खणखणीत आवाज येई, "पेटी रिकामी हाय!" लोक शुक्‌ शुक्‌ करत. मामा मागे वळून त्यांना समजावून सांगत, की भरलेली पेटी उचलली की माणूस दुसऱ्या बाजूला कलतो, हा बघा कसा सुतासारखा सरळ चाललाय. एकदा सांगितल्यावर आपल्यालाही ती पेटी रिकामीच दिसू लागे आणि त्या आईच्या रडण्यात काही राम उरत नसे.

जेवणाचा प्रसंग आला की मामा खुर्चीच्या टोकावर सरकून बसत. "बघ गं, घास गिळतोय का बघ," असं मला बजावत. नट ताटातला भात इकडून तिकडे ढकलत राही. "एक शीत पोटात गेलं नाही मत्ते बायकोला म्हणतो, झकास झालंय! सुम्ने हात बरबटले, अष्टे." मामांच्या मराठीत कन्नड असं शिरलेलं असे; मत्ते म्हणजे आणि वर, सुम्ने म्हणजे उगीच, अष्टे म्हणजे बस, एवढंच. रडताना कोरडा राहिलेला डोळा, लढाईत घाम न फुटलेलं कपाळ, बासरी वाजवताना भलत्याच भोकांवर ठेवलेली बोटं, यांतलं काही म्हणजे काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मामी त्यांच्याबरोबर थिएटरात येई, पण चार रांगा सोडून बसे आणि शेजारणीने विचारलंच तर, "कोण की बाई, माझ्या ओळखीचं नाही," म्हणे. पण मामा नुसते खोड्या काढणारे नव्हते. एका ऐतिहासिक सिनेमात राजाच्या मागे भाला घेऊन उभा असलेला एक शिपाई होता. त्याला संवाद नव्हता, नाव नव्हतं, राजा तर सिंहासनावर चक्क पेंगत होता. पण तो शिपाई राजाच्या प्रत्येक शब्दाला कान देऊन उभा होता. त्या शिपायासाठी मामांनी तो तीन तासांचा सिनेमा चार वेळा पाहिला आणि चारही वेळा तो दिसल्यावर टाळ्या वाजवल्या. म्हैसुरात तेव्हा त्या शिपायाचा एवढा एकच चाहता असेल, पण पक्का.

हा काटेकोरपणा त्यांच्यात आला कुठून, हे समजायला त्यांचा धंदा सांगायला हवा. आम्ही मूळचे रंगारी. पूर्वज कधी तरी कापड रंगवत आणि छापत म्हैसुरात आले आणि इथलेच झाले. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत रंगाचं काम करणारं एकच घर उरलं होतं, ते मामांचं. बाकीच्यांतले कुणी कारकून झाले, कुणी शिंपी, एकाने सायकलींचं दुकान काढलं. मामाही पोटासाठी पुडीतले रंग वापरून विटक्या साड्या नव्या करून देत. पण मागच्या पडवीत त्यांच्या वडिलांनी लावलेला निळीचा रांजण त्यांनी जिवंत ठेवला होता. जिवंत हा त्यांचाच शब्द. त्याला ते चुना, टाकळ्याचं बी वेळच्या वेळी खाऊ घालत, थंडीत घोंगडी पांघरत आणि त्याला येणाऱ्या भयंकर वासाबद्दल कुणाला बोलू देत नसत. त्या रांजणात कापड बुडवताना एक थेंबही उडता कामा नये. पाणी खळबळलं, आत हवा शिरली, की नीळ रुसते. म्हणून आमच्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्या एक नियम होता: रांजणात हात घालून ज्याने पाणी उडवलं, त्याच्या मनगटावर तिथल्या तिथे चापट. मग तो कुणी का असेना. माझे बाबा लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला आले, तेव्हा कौतुकाने रांजणात हात घालायला गेले आणि नव्या जावयाने दिवाळसणात चापट खाल्ली. ती गोष्ट ते पुढे येईल त्या पाहुण्याला हौसेने सांगत.

अशा माणसाच्या दारात एके दिवशी सिनेमावाले येऊन उभे राहिले. उत्तरेकडचा बडा नट, बडा सिनेमा, हजारांची गर्दी, हत्ती-घोडे. शत्रूपासून लपलेला राजपुत्र काही दिवस रंगाऱ्याच्या घरी राहून काम करतो, असा प्रसंग होता आणि नटाला काम शिकवायला खरा रंगारी हवा होता. मामांनी दोन दिवस जेवणावर लक्ष दिलं नाही. आमच्या पोरांनी निळीचं काम पाहिलेलं नाही, पुढच्यांना तर कळणारही नाही की आपले आजे-पणजे काय करत होते. ते एकदा तरी पडद्यावर दिसणार होतं. "खोटं दिसलं तर गं, खोटंच राहील. लोक म्हणतील, रंगारी असेच असतात," असं ते मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी कॉलेजात होते, मला हिंदी बऱ्यापैकी येई, म्हणून दुभाषी म्हणून त्यांनी मला बरोबर घेतलं. मामांचं स्वतःचं हिंदी सगळं सिनेमातलं. ते पाणी मागायला गेले तरी समोरच्याला वाटे की हा खानदानाचा बदला मागतोय.

म्हैसूरबाहेर, हूटगळ्ळीच्या बाजूला तेव्हा घरं नव्हती, नुसता माळ होता. तिथे आख्खं गाव उभं केलं होतं. मामांनी आधी सिनेमावाल्यांचा रांजण पाहिला, बोट बुडवून वास घेतला आणि म्हणाले, "ही शाई." मग शूटिंगच्या आदल्या दिवशी घरचा रांजण टेम्पोतून आणायचं ठरलं. मामा घोंगडीत गुंडाळलेल्या त्या रांजणाला मिठी मारून मागे बसले आणि टेम्पो सबंध रस्ता इतक्या हळू न्यायला लावला, की सायकलवाले घंटी वाजवत पुढे जात होते. रात्रभर तो निवळला, सकाळी झाकण काढलं, आणि वासाने सगळं युनिट दहा पावलं मागे सरलं.

नट आला. देखणा, उमदा आणि दमलेला. मामांनी हळू हात कसा सोडायचा ते दाखवलं, मी भाषांतर केलं, तो "हां हां" म्हणाला, पण त्याचं लक्ष कशातच नव्हतं. कॅमेरा सुरू झाला. त्याने नाक मुरडलं, टोकाला धरलेलं कापड रांजणात टाकलं आणि धोब्यासारखं दोनदा हिसळलं. थेंब उडाले. आणि मी काही म्हणायच्या आत मामा चालत्या कॅमेऱ्यासमोर गेले आणि त्या जगप्रसिद्ध मनगटावर त्यांनी फाट्‌कन चापट मारली.

दोनशे माणसं उभी होती, पण घोड्यांनी माशा हाकलल्याचासुद्धा आवाज आला. मामांनाच पहिल्यांदा कळलं आपण काय केलं ते. ते हात जोडून म्हणाले, "सांग गं त्यांना, आमच्यात असंच हाय. जावयालाबी मारतो." मी सांगितलं. दिग्दर्शक लालबुंद झाला होता. "दोन सेकंदांचा शॉट आहे, हे कोण बघणार आहे?" तो म्हणाला. हे मात्र मामांना भाषांतराशिवाय कळलं. "आमी बघणार," ते म्हणाले.

नटाने मनगट चोळलं आणि तो हसला. वडील गेल्यानंतर आपल्याला कुणी मारलं नव्हतं, असं काहीसं म्हणाला. मग त्याने खरी अडचण सांगितली. उद्या त्याला मद्रासला दुसऱ्या सिनेमात नवरदेव व्हायचं होतं. हात निळे झाले तर लग्न मोडेल. तेव्हा तोडगा निघाला: तोंड त्याचं, हात मामांचे. मामांनी राजपुत्राची बाही चढवली. कापड पाण्यात असं उतरलं की एक तरंग उठला नाही. वर काढलं तर ते हिरवं! कॅमेरावाला ओरडला, रंग चुकला. मामा शांतपणे कापड उलगडून वाऱ्यावर धरून उभे राहिले आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्या हिरव्यातून निळा रंग पसरत गेला. नट शेजारीच उभा होता, तोंड उघडं, डोळे लहान मुलासारखे. घरी येताना मामा हळहळले, "तेवढंच त्यानं खरं काम केलं बघ, आणि ते कुणी टिपलंच नाही."

सिनेमा म्हैसुरात लागला त्या दिवशी आमची सबंध गल्ली थिएटरात होती. मामी त्या दिवशी चार रांगा सोडून नव्हे, मामांच्या शेजारी बसली. आणि मग ते हात आले. पडदाभर! कामाने फुगलेली पेरं, लहानपणापासून कधी न गेलेली नखांतली नीळ. पंचवीस वर्षांच्या राजपुत्राचे हात क्षणात पन्नाशीचे झाले होते, पण ते कुणाच्या ध्यानात येईल तर शपथ. मामी उठून उभी राहिली आणि ओरडली, "आमच्या ह्यांचे हात!" मागून कुणी तरी "कुत्कोळम्मा, कुत्कोळम्मा" म्हणून तिला खाली बसवू लागलं. हिरव्याचं निळं झालं तेव्हा आमच्या गल्लीला माहीतही नसलेल्या माणसांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या आज्यांनी, पणज्यांनी ओल्या पडवीत जे केलं, त्याला हे सगळं शहर टाळ्या वाजवत होतं. पुढच्याच क्षणी नटाचं तोंड आलं, साफ झोपलेलं, आणि आम्ही सगळे मामांकडे वळलो. आता ते काय ओरडतात!

मामा काही बोलले नाहीत. मध्यंतरात सगळे त्यांचा हात हातात घ्यायला धडपडत होते आणि ते मान खाली घालून उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाले, "कापड वर काढताना मी मनगट स्वल्प वळवलं. पाहिलंस? घरी कधी वळवत नाही. कॅमेरा बघतोय म्हणून वळवलं. तिथं काम नाही केलं मी, नाटक केलं."

मी परोपरीने सांगितलं की कुणालाच ते दिसलं नाही, आणि असलंच तर किती सुंदर वळवलंत. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच. त्यानंतर ते सिनेमाला येत राहिले, पण थिएटरात त्यांचा आवाज कुणी ऐकला नाही. रिकाम्या पेट्या उचलल्या जात, भात ताटातच फिरत राही, आम्ही आशेने त्यांच्याकडे बघत असू. फार आग्रह केला तर म्हणत, "दमला असेल गं बिचारा."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो सिनेमा टीव्हीवर लागतो, तेव्हा मी मुलांना, सुनांना, शेजाऱ्यांना हाका मारून बोलावते आणि सांगते, हे हात आमचे. सगळे गेल्यावर मी ती जागा पुन्हा एकटीने बघते. मनगट वळलेलं मला आजवर एकदाही दिसलेलं नाही. ते दिसायला मामाच हवे होते.